गुडघ्यासाठी रोजची गोळी

प्रश्न : आईने आयुष्यभर ऊसतोड केली. आता गुडघे झिजलेत. रक्तदाबाच्या औषधाबरोबर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक रोज घेते. चालेल का?
– एक वाचक, पाथर्डी

उत्तर : नको. या गोळीने रक्तदाब वाढतो, पोटात व्रण होतो, मूत्रपिंड बिघडू शकतं. पाथर्डीच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटलेलं असताना तर जास्तच. डायक्लोफेनॅकचंच जेल गुडघ्याला लावा, ते रक्तात फार थोडं उतरतं. फारच ठणकलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरण्याचा व्यायाम रोज हवाच. तो विकता येत नाही, म्हणून कुणी सांगत नसावं. बिननावाच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांपासून दूरच राहा, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. रक्तदाबाचं औषध थांबवू नका. आणि मूत्रपिंडासाठी या आठवड्यातच रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या.