मारिया लेंक : एक जलतरणपटू

अशक्त मुलास खेळाच्या तासातून वगळावे, असा परिपाठ आपल्या पुष्कळ शाळांतून दिसतो. ब्राझीलच्या मारिया लेंक यांचे चरित्र शिक्षकबंधुभगिनींनी या दृष्टीने पाहावे. त्यांचा जन्म १९१५ साली साओ पाउलो शहरी झाला. बालपणी त्यांस न्यूमोनियाने गाठले. दुखण्यातून उठल्यावर वडिलांनी त्यांस घरात जपून न ठेवता तिएते नदीत पोहावयास शिकविले. १९३२ साली, सतराव्या वर्षी, त्या लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरल्या. दक्षिण अमेरिकेतून तेथे गेलेल्या त्या पहिल्याच स्त्री. प्रवासखर्च निघावा म्हणून ब्राझीलच्या खेळाडूंच्या जहाजात विक्रीची कॉफी भरली होती! १९३६ साली बर्लिन येथे त्यांनी छातीवर पोहताना दोन्ही हात पाण्याबाहेरून पुढे टाकण्याची नवी रीत अवलंबिली. तीतूनच पुढे ‘बटरफ्लाय’ हा स्वतंत्र प्रकार झाला. १९३९ साली २०० व ४०० मीटरचे जागतिक विक्रम त्यांनी केले. परंतु १९४० चे सामने महायुद्धामुळे झालेच नाहीत, आणि ऐन भरातील संधी कायमची गेली. मारियाबाई पुढे शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका झाल्या. पोहणे मात्र सुटले नाही. २००७ साली, वयाची ब्याण्णव वर्षे पूर्ण झाल्यावर, रिओ येथील तलावात पोहत असतानाच त्यांचा अंत झाला.