पंचांना मान द्या, जाब रीतीने विचारा

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनापासून बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मैदानांपर्यंत. खेळाडू, प्रशिक्षक, पालक, आयोजक आणि खुद्द पंचांसाठी.

काय करावे

१. निर्णयाबद्दल विचारायचे असेल तर कर्णधारालाच पुढे पाठवा. बाकीचे जागेवर थांबा.

२. शिट्टी वाजली की चेंडू तिथेच सोडा. लाथाडलात तर पिवळे कार्ड ओढवून घ्याल.

३. तक्रार लेखी द्या; मिनिट, जर्सी क्रमांक आणि काय घडले, एवढेच लिहा.

४. व्हिडिओ जोडायचा तर सलग जोडा. कापलेल्या तुकड्यात आधीचा धक्का दिसत नाही.

५. पंचांना कपडे बदलायला वेगळी खोली आणि प्यायला पाणी द्या.

६. ठरलेले मानधन त्याच दिवशी चुकते करा.

७. सामना तापला असेल तर पंचांना रिक्षात बसवेपर्यंत सोबत राहा.

८. पंचांनो, पावसाळ्यात मैदान आधी चालून पाहा. खेळण्याजोगे आहे की नाही, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

९. पंचांनो, संघात नातेवाईक किंवा तुमचा जुना क्लब असेल तर नेमणूक घेण्याआधी सांगा.

१०. पंचांनो, अहवाल त्याच रात्री लिहा. ऐकलेली शिवी जशीच्या तशी नोंदवा.

११. आयोजकांनो, तक्रारीचा निकाल दोन्ही संघांना आणि पंचांना लेखी कळवा.

काय टाळावे

१. पंचांभोवती घोळका करू नका. गोंगाटात खरा मुद्दाही ऐकू जात नाही.

२. बाकावरून कार्डासाठी इशारे करू नका. पिवळे कार्ड प्रशिक्षकालाही दाखवता येते.

३. शिवी देऊ नका. हुज्जतीला पिवळे, शिवीला थेट लाल.

४. हाणामारीत उतरू नका; २० डिसेंबर २०२३ ला अंधेरीत मुंबई सिटी-मोहन बागान सामन्यात ७ लाल कार्डे निघाली.

५. संघ मैदानाबाहेर नेऊ नका. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूत केरला ब्लास्टर्सने तसे केले, दंड ४ कोटी रुपये बसला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली.

६. शेवटच्या शिट्टीनंतर हिशेब चुकवायला धावू नका; पंच मैदान सोडेपर्यंत कार्ड दाखवू शकतात.

७. पालकांनो, रेषेबाहेरून ‘ऑफसाइड’ ओरडू नका. त्यासाठी झेंडा हातात घेतलेला माणूस उभा आहे.

८. पंच महिला आहे म्हणून टोमणे मारू नका. चूक दाखवायची तर निर्णयातली दाखवा.

९. पंचांचा फोटो किंवा फोन नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका; तक्रारीची जागा ती नव्हे.

१०. पंचांनो, एका चुकीची भरपाई दुसऱ्या चुकीने करू नका.

११. पंचांनो, खेळ पुन्हा सुरू झाल्यावर आधीचा निर्णय फिरवू नका. नियमात तशी मुभा नाही.

१२. आयोजकांनो, पंचांची चूक झाकू नका आणि वजनदार क्लब रागावला म्हणून त्यांचा बळीही देऊ नका.