हनुवटी फुटली, तर चावाही बघा

सायकलवरून पडून लेकाची हनुवटी फुटली. दवाखान्यात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. तोंड उघडून कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी आजी ताकभात भरवायला बसली, तर आठ वर्षांचं पोर रडकुंडीला आलं. म्हणालं, "आजी, माहे दात बसून नाही राह्यले."

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीटी स्कॅनमध्ये जबडा दोन ठिकाणी मोडलेला निघाला. एक हनुवटीशेजारी, दुसरं कानापुढच्या सांध्याशी. हनुवटीवर बसलेला मार बरेचदा थेट सांध्यापर्यंत जातो. म्हणून टाके घालून झाले, तरी मुलाला दात मिटायला सांगा. चावा बदलला, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला गेली, कानातून रक्त आलं किंवा जिभेखाली रक्त साकळलं, तर मॅक्झिलोफेशियल सर्जनला दाखवा. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुलांचं हाड झपाट्यानं जुळतं. आठवडाभर थांबलं, तर ते वाकडंच जुळू लागतं.

सांध्याला सर्जननी हात लावला नाही. या वयात तो बहुधा स्वतःच सावरतो, पण व्यायाम हवाच. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. पोर कितीही रडलं तरी हे सोडू नका. सांधा जखडला, तर तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढ खुंटते.

हनुवटीशेजारचं हाड सरकलं होतं, तिथे विरघळणारी प्लेट बसवली. टायटॅनियमची प्लेट वाढत्या जबड्यातून पुढे बहुधा काढावी लागते, म्हणजे पुन्हा भूल. विरघळणारी प्लेट लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लापासून बनते आणि साधारण वर्ष-दोन वर्षांत शरीरातच विरते. ती गरम करून मऊ करतात आणि हाडाच्या वळणावर बसवतात. या वयात जबडा पक्क्या दातांच्या अंकुरांनी भरलेला असतो, त्यामुळे स्क्रू अगदी खालच्या कडेला. स्क्रू कुठे घेणार, हे सर्जनना आधीच विचारा.

पण ही प्लेट महाग असते, जाडही असते, हाताला लागते. टायटॅनियमइतकी मजबूत नसल्यानं सुरुवातीचे आठवडे वरण, खिचडी, पेज एवढंच द्यायचं. विरताना कधी कधी तिथे सूज येते. तशी आली, तर घरी शेकत बसू नका, दाखवून या. आणि हाड सरकलेलंच नसेल, तर प्लेटचा आग्रह धरू नका. अशा मुलांना मऊ खाणं, फार तर दातांवर बांधलेला स्प्लिंट पुरतो. पक्के दात येईपर्यंत तपासणीला मात्र नेत राहा.