जुन्या बुलेटची कॅफे रेसर: खर्च किती, आणि पैसे आधी कुठे घालायचे

नगर जिल्ह्यात 'जुनी ब्रिटिश गाडी' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक म्हणजे खरीखुरी विलायती गाडी: बीएसए एम२०, मॅचलेस जी३एल, नॉर्टन १६एच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी वापरलेल्या या जातीच्या गाड्या नंतर लिलावातून बाहेर पडल्या आणि हात बदलत वाड्यांत, गोठ्यांत, गॅरेजांच्या मागच्या खोल्यांत जाऊन थांबल्या. दुसरी म्हणजे बुलेट. तिचा आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा, जुळणी १९५५ पासून मद्रासला. ओतीव लोखंडी इंजिनाची ३४६ सीसीची ही गाडी मूळ बांधणी फारशी न बदलता अगदी २०१० च्या आसपासपर्यंत निघत राहिली.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या प्रकारच्या गाडीला कटर लावू नका. कॅफे रेसर करायची तर दुसरीची करा.

यामागे पैशाचं कारण आहे आणि कायद्याचंही. चालू स्थितीतली, कागदांसकट असलेली बीएसए किंवा मॅचलेस आज तीन लाखांच्या खाली सहसा मिळत नाही, आणि ती किंमत तिच्या मूळ रूपाची असते. टाकी बदलली, मडगार्ड काढले, फ्रेम कापली की गिऱ्हाईक कमी होतं. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच तिला पात्र ठरते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. रोजच्या वापराला मात्र ही नोंदणी चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. कॅफे रेसर केलेली बीएसए या दारातून आत जाणार नाही.

कॅफे रेसर ही चीज पन्नास-साठच्या दशकातल्या लंडनची. एस कॅफेसारख्या रस्त्याकडेच्या हॉटेलांवर जमणारी पोरं गाडीवरचं वजन उतरवायची, हँडल खाली घ्यायची, सीट मागे सरकवायची आणि ताशी शंभर मैल गाठायला बघायची. नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेली 'ट्रायटन' त्यातूनच आली. लोखंडी बुलेटचं इंजिन साधारण १८ अश्वशक्तीचं. त्यातून शंभर मैल निघणार नाहीत आणि काढायचा प्रयत्नही करू नये. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरला न थरथरता चालणारी, वेळेवर थांबणारी, देखणी गाडी हे ध्येय ठेवलं तर हिशेब जमतो.

आता आकडे. खाली दिलेले भाव नगर-पुणे पट्ट्यातले ढोबळ अंदाज आहेत. तुमच्या मिस्त्रीकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ते याच्याशी ताडून पाहा.

कागद असलेली लोखंडी बुलेट ६०,००० ते १,२०,००० रुपयांत मिळते. कागद नसलेली वीस-पंचवीस हजारांत दाखवतील. ती सुट्या भागांसाठी घ्या, रस्त्यावर आणायला नको. आरसीची मुदत संपलेली असेल तर सौदा ठरवण्याआधी परिवहन पोर्टलवर थकबाकीचा आकडा काढा. मोटारसायकलच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर नियमानुसार महिन्याला ३०० रुपये जादा शुल्क लागतं. दहा वर्षं पडून राहिलेल्या गाडीचं हेच ३६,००० होतं. २० वर्षांवरच्या मोटारसायकलचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालं आहे. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. पीयूसी ५० रुपये. नगरची गाडी एमएच १६ मध्ये, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावची एमएच १७ मध्ये. दुसऱ्या आरटीओची गाडी घेतली तर ना हरकत दाखला मूळ मालकाच्या सहीने आधी हातात घ्या. पैसे मोजल्यावर मालक सहीसाठी सापडेलच असं नाही.

सगळ्यात जास्त पैसे आणि लक्ष इंजिनाला लागतं, म्हणून इथे जरा थांबतो.

गॅरेजमध्ये दोन शब्द ऐकू येतात: हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ इंजिन म्हणजे हेड-बोअरचं काम: बोअर घासून मोठा करणं, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड. याला १०,००० ते १५,००० पुरतात. फुल इंजिन म्हणजे क्रँक खोलणं, कनेक्टिंग रॉड, बिगएंडचा बुश, बेअरिंगं, ऑइल पंप, टायमिंगकडची बाजू. त्याला ३०,००० ते ४५,०००, आणि गिअरबॉक्सची चाकं खाल्लेली निघाली तर आणखी पाच-दहा हजार. किती खोलायचं हे अंदाजाने ठरवू नका. हेड आणि बोअर काढल्यावर मिस्त्रीसमोर उभं राहा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढून पाहा. आडवा थोडा खेळ चालतो, वर-खाली अजिबात नको. 'टक' असा बारीक ठोका हाताला लागला तर बिगएंड गेलेला आहे. वर नवा पिस्टन टाकून काही होणार नाही, दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये इंजिन पुन्हा खाली उतरेल.

बोअरचंही तसंच. पिस्टन पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर ओव्हरसाइजमध्ये मिळतात. बोअर आधीच एक मिलिमीटरपर्यंत गेला असेल तर नवी स्लीव्ह किंवा नवा बोअरच घ्यावा लागतो. म्हणून पिस्टन आधी विकत घ्या, मग बोअर त्या पिस्टनच्या मापाने घासायला द्या. उलटं केलं की फट चुकते. फट कमी राहिली तर उन्हाळ्यात गाडी जाम होते, जास्त राहिली तर पहिल्या दिवसापासून धूर.

क्रँकच्या कामात आपला जिल्हा नशीबवान आहे. फिरोदियांच्या कायनेटिकने सत्तरच्या दशकात नगरला लुना बनवली. तो कारखाना, एमआयडीसीतले लघुउद्योग आणि साखर कारखान्यांची दुरुस्ती यांवर इथे टर्नर-फिटरांच्या पिढ्या तयार झाल्या. चांगला टर्नर नवी पिन आणि बुश बसवल्यावर क्रँक दोन सेंटरांमध्ये धरतो, डायल गेज लावतो, हाताने हळूहळू फिरवतो, काटा जिथे उसळतो तिथे खडूची खूण करतो आणि तांब्याच्या हातोडीने एकच ठोका देतो. पुन्हा फिरवतो. काटा दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत येईपर्यंत हे चालतं. या कामाचे तो दीड-दोन हजार मागत असेल तर घासाघीस करू नका, कारण गाडी हाताला किती झिणझिण्या आणणार हे त्या दोन थाऊंवर ठरतं. डायल गेज नसलेल्या ठिकाणी क्रँक देऊच नका.

तुमचा हट्ट खऱ्या विलायती गाडीचाच असेल, म्हणजे ती मूळ रूपात उभी करायची असेल, तर इंजिनाचा हा आकडा दुपटीच्या पुढे धरा. मॅग्नेटोचं रिवाइंडिंगच दहा हजारांच्या पुढे जातं. भाग इंग्लंडहून मागवताना टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून छापील किमतीत निम्म्याने वाढ धरून चाला. नटबोल्ट व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडचे असतात. मिलिमीटरचे पाने लावले की कडा गोल होतात, म्हणून योग्य पान्यांचा संच नसलेल्या गॅरेजमध्ये ती गाडी नेऊ नका.

इंजिनानंतर ब्रेक, टायर आणि दिवे. टाकी आणि सीट यांचा नंबर याच्यानंतर येतो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. बहुतेक जण उलट करतात: पहिल्याच महिन्यात फोटोतल्यासारखी टाकी येते आणि ब्रेकपर्यंत पैसे संपतात. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री कोपरगाव-संगमनेरकडे जाऊन पाहा. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे, त्याला मागे दिवा नाही, आणि तुम्ही खाली वाकून बसलेले. तिथे मिणमिणता दिवा आणि गुळगुळीत ब्रेकशू चालत नाहीत. दोन्ही ड्रमना नवे शू, ड्रम लेथवर गोल करून घेणं, नव्या केबली: ४,००० ते ६,०००. पुढे ट्विन लीडिंग शूचा ड्रम बसवला तर तेवढेच आणखी. १९ इंची दोन टायर-ट्यूब ५,००० ते ७,०००, रिमा आणि आरे नव्याने ओवणं ५,००० ते ८,०००. पुढचा चिमटा खोलून सील-तेल ३,००० ते ५,०००, मागचे शॉकअप ४,००० पासून. पूर्ण नवं वायरिंग, बॅटरी, रेग्युलेटर आणि हेडलाइट ८,००० ते १२,०००. नवा कार्बोरेटर ३,००० ते ४,५००.

मग देखणेपणा. हाताने ठोकून केलेली पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची टाकी १५,००० ते २५,०००. फायबरची टाकी सहा-आठ हजारांत मिळते, पण ती घेऊ नका. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल फायबरचं रेझिन मऊ करतं आणि तो चिकट गाळ कार्बोरेटरमध्ये उतरतो. त्याच कारणाने पेट्रोलची जुनी रबरी नळी आणि कॉकमधले वॉशरही बदला. खर्च तीनशे रुपयांच्या आत. सीट ३,००० ते ६,०००, क्लिपऑन हँडल २,००० ते ४,०००, मागे सरकवलेले फूटरेस्ट ४,००० ते ८,०००. फूटरेस्ट घेताना लक्षात घ्या की जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. बाजारातले बरेच संच आजच्या गाड्यांच्या हिशेबाने येतात आणि लिंकेज लेथवर नव्याने करावं लागतं. रंग ८,००० ते १५,०००, फ्रेमचं पावडर कोटिंग ४,००० ते ६,०००, क्रोम ५,००० ते ८,०००. फ्रेम कोटिंगला देताना चासी नंबरावर उष्णतेला टिकणारी टेप स्वतः उभं राहून लावून घ्या. सँडब्लास्टिंगने अक्षरं पुसट होतात, कोटिंगने भरून जातात, आणि आरटीओत पेन्सिलने नंबराचा छाप उमटला नाही तर पुढचं सगळं अडतं.

कायद्याची बाजू इथेच येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या, आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ(४) आलं: असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. फट्फट् आवाजाच्या सायलेन्सरला कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. एकाच माणसाची सीट बसवली की आरसीवरची आसनक्षमता आणि गाडी जुळत नाही. मागच्या माणसाला धरायला मूठ, फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी, हे नियम १२३ सांगतो.

म्हणून रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर इंजिनाची क्षमता आणि फ्रेम बदलू नका, फ्रेमचा मागचा भाग कापून नवा पाइप जोडू देऊ नका, सीट लांब आणि दोघांची ठेवा, सायलेन्सर जाळीसकट ठेवा, रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. जे बदलाल ते नटबोल्टने काढता येईल असंच बदला. यानेही प्रत्येक बदल कायदेशीर होत नाही. पण गाडी एका दिवसात मूळ रूपात आणता येते. 'अप्रूव्हड किट' म्हणून कोणी काही विकत असेल तर प्रमाणपत्र मागा. अशा चाचण्यांसाठी केंद्राने नेमलेल्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, नगरलाच आहे, पण तिची चाचणी उत्पादकांसाठी असते. एका गाडीचा मालक ती करून आणू शकत नाही. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. ३४६ सीसीला थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने १,३६६ रुपये अधिक जीएसटी आहे. बदल लपवले तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

बेरीज करू. मधल्या दराची बुलेट ८०,०००, इंजिन ४०,०००, वायरिंग-कार्बोरेटर १३,०००, ब्रेक, चाकं आणि शॉकअप २५,०००, टाकी, सीट, हँडल, फूटरेस्ट ३५,०००, रंग, कोटिंग, क्रोम २४,०००, जुळणीची मजुरी आणि किरकोळ नटबोल्ट २०,०००. झाले २,३७,०००. यावर पंधरा-वीस टक्के राखीव ठेवा, कारण इंजिन खोलल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणजे पावणेतीन लाख. वेळ सहा महिने ते वर्ष. पैसे मिस्त्रीला एकरकमी देऊ नका. इंजिन चालू होऊन ऐकल्यावर एक हप्ता, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर दुसरा, रंगानंतर शेवटचा.

रॉयल एनफिल्डची तयार कॅफे रेसर, कॉन्टिनेंटल जीटी ६५०, साडेतीन लाखांच्या पुढे-मागे मिळते. तिला दोन सिलिंडर, एबीएस आणि वॉरंटी आहे. रोज नगर-पुणे करायचं असेल, किंवा तुमचं अंदाजपत्रक तीन लाखांच्या वर जात असेल, तर ती घ्या. जुन्या गाडीचं काम स्वतः लेथशेजारी उभं राहून करून घ्यायची आवड असेल तरच पावणेतीन लाख या गाडीत घाला.

आणि काढलेले मूळ भाग, म्हणजे टाकी, मडगार्ड, सीट, सायलेन्सर, हँडल, मिस्त्रीकडे सोडू नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून घरी आणा. पुढचा घेणारा गाडीची किंमत करताना आधी त्यांचीच चौकशी करेल.