उपाहारगृहाची रांग व पायीं चालणारांची वाट

सायंकाळीं शाळा सुटल्यावर दगडी पुलावर पांच मिनिटें उभें राहून पाहावें. मोर्णेच्या पूर्वेकडील ताजनापेठेंतून पश्चिमेकडील जुन्या शहराकडे माणसांचा एक ओघ चाललेला दिसतो. त्यांत पाठीवर दप्तरें घेतलेलीं मुलें असतात, भाजीची पिशवी सांभाळणाऱ्या आया असतात, काठी टेकीत जाणारे आजोबा असतात. आणि त्यांच्याच अंगाला अंग घांसून दुचाक्या, ऑटोरिक्षा व मोटारी जात असतात. हें दृश्य इतकें नित्याचें झालें आहे कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु नित्याच्या गोष्टींचा अभ्यासच अधिक उपयोगी पडतो, असा आमचा वर्गांतील अनुभव आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्हीं हा विषय घेतला आहे.

आपलें जुनें शहर पायीं चालणाऱ्या माणसांसाठीं वसलें. औरंगजेबाच्या काळीं असदखानाच्या नांवाचा असदगड व गांवाभोंवतालचा तट उभा राहिला. दहीहांडा वेस, अगरवेस हीं नांवें त्या तटाची आठवण अद्याप देत आहेत. वेशींतून माणूस, घोडा व बैलगाडी जावी एवढीच त्या काळची गरज होती. घरांचे ओटे रस्त्याला लागून, दुकानें ओट्यांना लागून, अशी सारी वस्ती आहे. मोटार आली ती यानंतर दोनशें वर्षांनीं. तेव्हां रस्ते अरुंद राहिले यांत गांव वसविणारांचा दोष नाहीं. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं पूर्णेचें पाणी कावडींनीं आणून राजराजेश्वरास वाहतात, त्या दिवशीं वाहनें दुसऱ्या वाटेनें वळवितात व सारा रस्ता चालणारांच्या स्वाधीन असतो. वर्षांतून तो एक दिवस शहराला आपल्या मूळ घडणीची आठवण करून देतो. बाकीच्या दिवसांचें काय, हा प्रश्न उरतोच.

नवें उपाहारगृह

अलीकडे मोठ्या शहरांत व महामार्गांच्या कडेला एक नव्या तऱ्हेचें उपाहारगृह दिसूं लागलें आहे. त्यास 'ड्राइव्ह-थ्रू' असें म्हणतात. गिऱ्हाइकानें मोटारींतून उतरावयाचें नाहीं. एका खिडकीपाशीं मागणी सांगावयाची, दुसऱ्या खिडकीपाशीं पुडकें घ्यावयाचें व तसेंच पुढें निघून जावयाचें. मॅकडोनल्ड या प्रसिद्ध कंपनीनें आपली अशी पहिली खिडकी १९७५ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत सिएरा व्हिस्टा या गांवीं उघडली. जवळच्या लष्करी तळावरील शिपायांस कामाच्या गणवेषांत तळाबाहेर गाडीखालीं उतरण्याची मनाई होती; त्यांची अडचण दूर व्हावी हा तिचा हेतु होता. म्हणजे मोकळ्या मुलुखांत, रुंद रस्त्यांच्या कडेला ही पद्धति रुजली.

आतां समजा कीं, उद्यां कोणी आपल्या जुन्या शहरांत, दगडी पूल ते जयहिंद चौक या भर वस्तीच्या भागांत असें उपाहारगृह काढण्याची परवानगी मागितली. तर आपण काय उत्तर द्यावें? नवें म्हणून स्वागत करावें, कीं नवें म्हणून नाक मुरडावें? आमच्या मतें दोहोंपैकीं कांहींच करूं नये. आधीं मोजून पाहावें.

रांगेचें गणित

धरा कीं, खिडकीपाशीं एका मोटारीस सरासरी ३ मिनिटें लागतात. म्हणजे तासाला २० मोटारी मोकळ्या होतील. सायंकाळीं ६ ते ७ या तासांत ३० मोटारी आल्या, तर ७ वाजतां १० मोटारी खोळंबलेल्या असतील. एक मोटार व तिच्या पुढील मोकळी जागा मिळून ६ मीटर धरल्यास रांग ६० मीटर लांब होते. अंगणांत ४ मोटारींची, म्हणजे २४ मीटरांची सोय असली, तर उरलेले ३६ मीटर कोठें जाणार? अर्थात् रस्त्यावर.

हे आंकडे आम्हीं उदाहरणासाठीं घेतले आहेत. तुम्ही दुसरे घेऊन पाहा. जोंवर येणाऱ्या मोटारी सुटणाऱ्या मोटारींहून अधिक आहेत, तोंवर रांग वाढत जाते, हा नियम आंकडे बदलल्यानें बदलत नाहीं. अंकगणितांत हौद व नळ यांचीं जीं उदाहरणें तुम्ही सोडवितां, तेंच हें उदाहरण आहे. फक्त येथें हौद भरून वाहूं लागला म्हणजे पाण्याऐवजीं मोटारी रस्त्यावर येतात.

अरुंद रस्त्यावर ३६ मीटरांची रांग उभी राहिली म्हणजे काय होतें तें पाहा. मागील वाहनांस पुढें जातां येत नाहीं. दुचाकीवाला फट शोधतो व ओट्यांच्या कडेनें गाडी घालतो. त्या कडेनें चालणारी मुलगी बाजूला होण्यासाठीं रस्त्याच्या मध्यावर उतरते. खिडकीपाशीं सर्व कांहीं व्यवस्थित असतें. अपघात होतो तो तेथून तीसचाळीस पावलांवर, आणि दोष मात्र त्या मुलीच्या 'धांदरटपणा'वर जातो.

पदपथाचा छेद

दुसरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक मोटार अंगणांत शिरतांना एकदां व बाहेर पडतांना एकदां चालणारांची वाट ओलांडते. तासाला २० मोटारी मोकळ्या झाल्या तर निदान ४० वेळां, म्हणजे दर दीड मिनिटास एकदां, ती वाट अडते.

येथें एक बारीक बाब ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात. अंगणांतून बाहेर पडून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहत असतो, कारण त्याच्यावर येणारीं वाहनें तिकडूनच येतात. त्याच क्षणीं डावीकडून कडेनें येणारें मूल त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. उंच मोटारीच्या अगदीं तोंडाशीं असलेलें लहान मूल तर समोर असूनहि दिसत नाहीं. शिवाय त्याच्या एका हातांत गरम पुडकें असतें, तें वेगळेंच.

इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून आपल्या देशांतील रस्त्यांचे नियम ठरवीत आली आहे. पदपथावर चालावयास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असें तिचें सांगणें आहे. आपल्या जुन्या गल्ल्यांत पदपथच नाहीं, तेथें हें माप कोठें लावावें? सबब जेथें चालणाराजवळ आधींच थोडें आहे, तेथून आणखी घेतांना दहा वेळां विचार केला पाहिजे.

वेग व अंतर

आतां पदार्थविज्ञानाकडे वळूं. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ८ मीटर जाते. ताशीं ५० नें जाणारी सुमारें १४ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी आणखी सुमारें ६ मीटरांत, तर दुसरी सुमारें १६ मीटरांत थांबते. म्हणजे पहिलीस एकंदर १४ मीटर व दुसरीस ३० मीटर लागले. पहिली गाडी जेथें पूर्ण थांबली, तेथें दुसरीचा ब्रेक नुकता लागूं लागला आहे! गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. त्यामुळें ५० च्या वेगाचा आघात ३० च्या वेगाच्या पावणेतीन पट असतो.

रांगेंतील दोन मोटारींमधून अकस्मात् बाहेर आलेलें मूल चालकास पांचसात मीटरांवर दिसतें. तेथें ३० चा वेगहि अधिक ठरतो. उभ्या मोटारींची रांग ही चालणाराच्या दृष्टीनें एक भिंत आहे, आणि भिंतीच्या मागें काय आहे हें दोघांपैकीं कोणासच दिसत नाहीं.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. पांचांत जवळजवळ एक. दिवसाला नव्वद म्हटलें तरी चालेल. एवढीं माणसें कोणत्याहि गाडींत बसलेलीं नव्हतीं.

कायदा चालणाराच्या बाजूचा आहे. इतरांस धोका अथवा अडथळा होईल असें वाहन सार्वजनिक जागीं सोडूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२२वें कलम सांगतें. २०१७ च्या वाहनचालनाच्या विनियमांनीं पदपथावर, पादचारी पट्ट्यांवर व वळणाजवळ वाहन उभें करण्यास मनाई केली आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें पदपथावरून निर्वेधपणें चालण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला.

आमचा स्वतःचा एक अनुभव

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "असें उपाहारगृह आपल्याकडे येईल तेव्हां पाहूं." तर मग एक घडलेली गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे.

एका पावसाळ्यांत, सायंकाळच्या वेळीं, रस्त्याच्या कडेला कचोरी-आलुबोंड्याची एक हातगाडी उभी होती. पाऊस भुरभुरत होता. तीन दुचाकीस्वार गाडीवरून न उतरतां, एकामागें एक उभे राहून पुडकें बांधून घेत होते. पांचवींतला एक विद्यार्थी त्याच कडेनें घरीं चालला होता. पुढें वाट नाहीं असें पाहून तो त्या दुचाक्यांना वळसा घालण्यास रस्त्यावर उतरला, आणि मागून येणाऱ्या एका ऑटोरिक्षाचा त्यास धक्का लागला. देवाच्या दयेनें जीव वांचला. मनगटाचें हाड मोडलें. सहामाही परीक्षेस तो बसूं शकला नाहीं.

नंतर दोष कोणाचा याची पुष्कळ चर्चा झाली. कोणी रिक्षावाल्यास बोल लावला, कोणी हातगाडीवाल्यास, कोणी त्या मुलास. आम्ही मात्र गप्प होतों. कारण त्या तीन दुचाक्यांपैकीं मधली आमची होती. 'दोन मिनिटांचें तर काम आहे, कशास उतरावें?' हाच विचार आमच्याहि मनांत आला होता. त्या मुलाच्या वडिलांस आम्हीं हें पुढें जाऊन सांगितलें. ते म्हणाले, "गुरुजी, मीहि रोज तसाच थांबतों." त्या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं, उलट अधिकच वाईट वाटलें.

म्हणजे गाडीवर बसून खाद्य घेण्याची ही पद्धति अमेरिकेहून येण्याची वाट आपण पाहत नाहीं. ती आपल्या गल्लींत आधींच आहे. फक्त तिला खिडकी नाहीं, अंगण नाहीं, आणि रांगेचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

मग काय करावें?

दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. तान्हें मूल कडेवर असलेली आई, पायानें अधू माणूस, वृद्ध, यांस गाडींतून न उतरतां वस्तु मिळाली तर मोठी सोय होते. धंद्यानें चार घरें जेवतात. आमचा विरोध उपाहारगृहास नाहीं. जागेचा विचार न करण्यास आहे. अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरानें २०१९ सालीं अशा नव्या खिडक्यांस मनाईच केली. चालणारांची सुरक्षितता हें त्याचें एक कारण होतें. आपण एवढें टोक न गांठतां कांहीं अटी घालूं शकतों. सर्वांत मोठ्या गर्दीच्या वेळची संपूर्ण रांग मालकाच्या अंगणांतच मावली पाहिजे. शाळा, दवाखाना व चौक यांच्याजवळ मोटारींचें दार नसावें. चालणारांची वाट सलग व एकाच पातळीवर राहावी. चढावें तें मोटारीनें चढावें. आणि जेथें या अटी पाळतां येत नाहींत तेथें, म्हणजे जुन्या वस्तींत, ती खिडकी नसावी. तिची जागा शहराबाहेरच्या रुंद मार्गावर आहे. अशा वेळीं हरकत घ्यावयाची ती महानगरपालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे, पण मोजलेले आंकडे हातीं घेऊन.

पालकांस एक विनंति. अठरा वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं मुलाच्या हातीं मोटारसायकल देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड व शिक्षा पालकांच्या माथीं येते. परंतु दंडाच्या भयापेक्षां दुसऱ्याच्या मुलाची काळजी हें अधिक चांगलें कारण आहे.

विद्यार्थ्यांस करून पाहण्यासाठीं

१. मोठ्या माणसास बरोबर घेऊन, सुरक्षित ओट्यावर उभे राहा. सायंकाळच्या १५ मिनिटांत तुमच्या घराजवळील एका खाद्याच्या दुकानापुढें किती वाहनें थांबलीं व त्यांपैकीं किती जण खालीं उतरले, हें लिहून ठेवा.

२. त्याच वेळांत किती चालणारांस वळसा घालण्यासाठीं रस्त्यावर उतरावें लागलें तें मोजा. त्यांत मुलें किती?

३. खिडकीपाशीं ३ मिनिटांऐवजीं २ मिनिटें लागलीं, तर वर दिलेल्या उदाहरणांतील रांग किती उरेल? आणि तासाला ३६ मोटारी आल्या तर?

४. आजपासून एक महिना घरांतील वडील मंडळींस गाडी बाजूला लावून, उतरून, चार पावलें चालत जाऊन खाद्य आणावयास सांगा. आम्हीं त्या पावसाळ्यापासून हा नियम धरला आहे. एकंदर फार तर दोन मिनिटें अधिक लागतात.