खेळातलं लग्न आणि घरातलं बोलणं

पालकहो,

मुलांच्या मोबाईलवर आपण एकत्र बोलायला बसतो तेव्हा डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, रिचार्ज उडतो, एवढ्यावरच गाडी थांबते. पोरं त्या खेळात करतात तरी काय, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून शहाद्याकडच्या एका आईने पालकसभा संपल्यावर मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मला फार मोलाचं वाटलं. “ताई, मना पोऱ्या मोबाईलमा लगीन करी ऱ्हायना!” पोरगा नववीत. आईचा जीव घाबराघुबरा झालेला. बापाच्या कानावर घालावं तर फोनही फुटेल आणि पोरगाही मार खाईल, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी त्या मुलाला म्हटलं, रागावणार नाही, मला तुझा खेळ दाखव. सुरतला कामाला असलेल्या मावसभावाने फोनमध्ये टाकून दिलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा तो खेळ. त्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या पाड्यावरही चालतो. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चित्रं, संगीत, संवाद असं सगळं एकट्याने करून तो 2016 मध्ये बाजारात आणला. गोष्ट अशी : शहरातल्या नोकरीला विटलेला नातू आजोबांनी मरताना दिलेलं पत्र उघडतो आणि त्यांच्या पडीक शेतावर राहायला येतो. नातू नको असेल तर नात होऊनही खेळता येतं. दगडधोंडे काढायचे, बी पेरायचं, रोज पाणी द्यायचं, गावातल्या माणसांशी ओळखी करायच्या. त्यातल्या बारा जणांपैकी एकाशी लग्नही करता येतं. आईने पाहिलं ते हेच लग्न.

अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एका पात्राच्या जागी उभा राहतो आणि कुणाशी काय बोलायचं, कुणाला साथ द्यायची, कुणाला सोडायचं हे स्वतः ठरवतो. सिनेमातला नायक प्रेमात पडतो तेव्हा आपण नुसते बघे असतो; इथे निवड पोराच्या बोटाने होते. म्हणून त्या आईची काळजी मी उडवून लावली नाही. पण अशा खेळांत प्रेमाची गोष्ट असावी की नसावी, असं तुम्ही मला विचाराल तर माझं उत्तर ठाम आहे. असावी. मात्र ती कशी रचलेली आहे, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघितलं पाहिजे.

त्या मुलाने मला आधी लग्न दाखवलंच नाही. त्याने दाखवला शेन. हा खेळातल्या गावातला एक तरुण. दिवसा मोठ्या दुकानात मन न लागणारी नोकरी, संध्याकाळी दारू. सुरुवातीला तो कुणाशी धड बोलतही नाही. ओळख वाढत गेली की एका पावसाळी दिवशी तो जंगलातल्या कड्याच्या टोकाशी, रिकाम्या डब्यांच्या पसाऱ्यात पडलेला सापडतो आणि जगण्यात काही राहिलं नाही असं बोलू लागतो. त्या वेळी त्याला काय म्हणायचं, ते खेळणाऱ्याने निवडायचं. नंतर त्याला दवाखान्यात नेतात आणि पुढे तो समुपदेशन घ्यायला तयार होतो. माझा विद्यार्थी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “मॅडम, हा आमच्या काकासारखा.” वर्गात हा मुलगा चार शब्द बोलत नाही. त्याच गावात पेनी नावाची मुलगी आहे. दोन लहान मुलांना शिकवते आणि पिणाऱ्या आईबरोबर एका खोक्यासारख्या घरात दिवस काढते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दारूने पोखरलेली घरं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा घरातलं माणूस मायेला लायक असतं, त्याला आधार देता येतो, हे पोरगं त्या खेळात बघत होतं. ही गोष्ट काढून टाका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

आता दुसरी बाजू. या खेळात प्रत्येक माणसासमोर बदामाच्या चिन्हांची ओळ असते. भेटवस्तू दिली की बदाम भरत जातात. आठवड्यात एकाला दोन भेटी देता येतात. कुणाला काय आवडतं ते पोरांना तोंडपाठ असतं : अ‍ॅबिगेलला जांभळा खडा, हेलीला सूर्यफूल. आठ बदाम भरले की बियाण्याच्या दुकानातून 200 नाण्यांचा पुष्पगुच्छ आणून द्यायचा. दहा भरले की पावसाच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्या म्हाताऱ्या खलाशाकडून 5,000 नाण्यांचं लॉकेट घेऊन मागणी घालायची. बदाम कमी असले तर समोरचा माणूस गुच्छ नाकारतो, पण भेटी देत राहिलं की तो नकारही विरघळतो. लग्न मोडायचं तर 50,000 नाणी. आणि त्यावर आणखी 30,000 मोजली की सोडून दिलेल्या जोडीदाराच्या मनातून तुमची आठवणच पुसता येते.

हे ऐकून मी अस्वस्थ झाले. खेळ म्हणून ती एक गंमत आहे, मला कळतं. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात यातून हिशोब पक्का होऊ शकतो : मी दिलं, आता तिने दिलं पाहिजे. हा हिशोब काही मोबाईलने शोधून काढलेला नाही. ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत कितीतरी वर्षं येत आहेत. 3 फेब्रुवारी 2020 रोजी वर्ध्याच्या हिंगणघाटमध्ये कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं. आठवड्याभरात ती गेली. त्या गुन्ह्याचा कुठल्याही खेळाशी काही संबंध नव्हता. तरीही मला तो आठवतो, कारण नकार पचवायला आपण आपल्या मुलांना कुठेच शिकवत नाही. शाळेत शिकवत नाही आणि घरात तर विषयच काढत नाही.

म्हणून मी त्या मुलाला एकच विचारलं : खेळात जिच्याशी लग्न केलंस, तिला तू आवडतोस की तुझे खडे? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ते खेळात विचारता येत नाही.” त्याच्या हे लक्षात आलं, तेवढ्याने माझं समाधान झालं.

सगळे खेळ बदाम मोजणारे नसतात. 2023 मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये सोबतची पात्रं तुमचं वागणं बघतात. दुबळ्याला लुबाडलंत तर एखादं नाराज होतं, फार झालं तर साथही सोडतं. तिथे माणूस जिंकावा लागतो तो वागण्यातून. तो खेळ मात्र अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यातली दृश्यंही मोठ्यांचीच आहेत. नववीच्या मुलाच्या हातात तो दिसला तर बिनदिक्कत काढून घ्या. जपानमध्ये 1992 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट 5’ आला. त्यातल्या तरुणाला लहानपणची मैत्रीण आणि श्रीमंताची लेक यांतून एकीला निवडावं लागतं. पुढे त्यांना जुळी मुलं होतात, आणि जगाला वाचवणारा वीर हा खेळणारा स्वतः नसतो, त्याचा मुलगा असतो. लग्नानंतरही गोष्ट असते, संसार असतो, हे तेव्हाच्या खेळाने दाखवलं. आणि प्रेम म्हणजे फक्त जोडपं, असंही नाही. आपल्या पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा 2020 मधला खेळ मुलांना जरूर दाखवा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली बहीण, एवढीच त्याची गोष्ट, पण मुली तो खेळताना जागच्या हलत नाहीत.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच प्रकाराचा. ‘एपिसोड’, ‘चॉइसेस’ अशी गोष्टींची अ‍ॅप असतात. फुकट उतरवता येतात. गोष्ट रंगात आली की तीन पर्याय समोर येतात. साधं उत्तर फुकट असतं. छान कपडे घालून भेटायला जायचं, जवळ यायचं, मनातलं सांगायचं, तर हिरे लागतात आणि हिरे विकत घ्यावे लागतात. फुकटचा पर्याय निवडला की नायिका गबाळी दिसते, नायक तोंड फिरवतो. म्हणजे मुलीला आधी कमीपणा वाटायला लावायचा आणि मग तो घालवण्याचे पैसे घ्यायचे. आपल्या घरात बाबांचा पिन पोरांना पाठ असतो. 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याची बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे; हिऱ्यांनी उघडणाऱ्या प्रेमकथा त्यात येत नाहीत. इथली राखण आपल्यालाच करावी लागणार. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पात्रांशी तासन्‌तास गप्पा मारायच्या अ‍ॅपचंही तेच. तिथे लेखकाने लिहिलेली, कुठेतरी संपणारी गोष्ट नसते, आणि ते पात्र बहुतेक वेळा हो ला हो करत राहतं. ‘कॅरेक्टर एआय’ या कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये अठराखालच्या मुलांसाठी अशा मोकळ्या गप्पा स्वतःच बंद केल्या. जी गोष्ट बनवणाऱ्यालाच मुलांसाठी धोक्याची वाटली, ती आपल्या घरात कशाला?

तुम्ही म्हणाल, ताई, त्यापेक्षा प्रेमाबिमाचं सगळंच बंद केलेलं बरं. तसं झालं असतं तर मीही सुटले असते. पण आपण ज्या राज्यात, ज्या जिल्ह्यात राहतो तिथलं चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी सुमारे 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. नंदुरबार पोलिसांना 2023 मध्ये बालविवाह रोखायला ‘ऑपरेशन अक्षता’ हाती घ्यावं लागलं. सातवी-आठवीत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही, हे आम्हा शिक्षकांनी पाहिलेलं आहे. काही मुली घरच्यांनी लावून दिलेल्या, काही स्वतः निघून गेलेल्या. निघून गेलेल्यांची गत आणखी वाईट, कारण 2012 च्या पोक्सो कायद्यात अठराखालच्या मुलीच्या संमतीला संमती मानतच नाहीत. पोरगा तुरुंगात आणि पोरगी बालगृहात, अशी ती गोष्ट संपते. या मुलामुलींना प्रेम ठाऊक नव्हतं असं नाही. त्यावर कुणाशी बोलावं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आपण बोललो नाही की दुसरे बोलतात. आपल्या भोंगऱ्याचं काय झालं ते बघा. धडगाव-मोलगीकडच्या लोकांसाठी तो होळीआधीचा बाजार : डाळ्या-गूळ घ्यायचा, ढोल-पावा वाजवायचा, लांबच्या नातलगांना भेटायचं. बाहेरून कॅमेरा घेऊन आलेल्यांनी त्याला ‘प्रेमाचा बाजार’ करून टाकलं. पोरगी आवडली की गुलाल लावतात आणि पळवून नेतात, असं वर्षानुवर्षं छापून आलं. आदिवासी कार्यकर्ते सांगून सांगून दमले की हे असं नाही. माझे विद्यार्थी तेच व्हिडिओ मोबाईलवर बघतात आणि मला विचारतात, मॅडम, खरंच असं होतं का? स्वतःच्या सणाविषयी! घरातल्या आजीने बाजाराची खरी हकिकत सांगितली असती तर हा प्रश्न पडला नसता.

म्हणून माझं मागणं खेळ बनवणाऱ्यांकडे थोडं आहे आणि तुमच्याकडे जास्त. बनवणाऱ्यांनी प्रेमाची गोष्ट जरूर घालावी, पण समोरच्या पात्राला नाही म्हणता यावं, आणि कितीही फुलं दिली तरी ते नाही कायम राहू शकावं. हृदयाला किंमत लावून दुकान मांडू नये.

आणि तुम्ही? प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाच्या पानावर वयाचा आकडा असतो, 3 पासून 18 पर्यंत. तो बघायला इंग्रजी यावं लागत नाही. फोनवर पैसे भरताना दर वेळी पासवर्ड मागेल अशी सोय करा, जमत नसेल तर शाळेत या, आम्ही करून देऊ. पिन बदला. पण त्याआधी पोराशेजारी बसा. ज्या ताईंनी मला गाठलं त्यांना मी हेच सांगितलं, आणि त्या बसल्याही. “ही कोण? तुला हीच का आवडली? ती नाही म्हणाली तर तू काय करशील?” मुलगी खेळत असेल तर तिलाही विचारा, आणि तिला हेही सांगा की नाही म्हणायचा हक्क खऱ्या आयुष्यात तिचा आहे, आपल्या घरातसुद्धा. पहिल्यांदा पोरं लाजतील, उठून जातील. दुसऱ्यांदा बसतील. वडिलांनाही सांगते : दादा, हे काम फक्त आईवर टाकू नका. मुलगा नकार झेलायला शिकतो तो बापाकडे बघून.

आश्रमशाळा-वसतिगृहातली मुलं दिवाळीला आणि मे महिन्यात घरी येतात, आणि तेव्हाच फोन सर्वात जास्त हातात असतो. या सुट्टीत फोन हिसकावण्याआधी एकदा म्हणा, दाखव बरं तुझी गोष्ट. हिरे मागणारं अ‍ॅप निघालं तर पोरासमोर, कारण सांगून, काढून टाका. शेतीवाला खेळ असेल तर राहू द्या, आणि शेन भेटेपर्यंत शेजारी बसा.