आजोबांच्या पेटीतील पाना

यंत्रकाम करणाऱ्या माणसाची हत्यारांची पेटी त्याच्या मागे नातवंडांच्या हाती येते, तेव्हा तिच्यातील हातोडी, कानस, पक्कड ही हत्यारे सहज ओळखू येतात. एखादे हत्यार मात्र अनोळखी निघते. त्यावरील अक्षरांचा उलगडा होत नाही आणि घरातील कोणत्याही नटाला ते नीट बसत नाही. अशी हत्यारे पुष्कळदा भंगाराच्या भावाने विकली जातात. वस्तुतः प्रत्येक हत्यार एका विशिष्ट कामासाठी घडविलेले असते व त्या कामाच्या खुणा त्याच्या अंगावर असतात. त्या क्रमाक्रमाने कशा वाचाव्यात, हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पेटीत दोन्ही टोकांना उघडी तोंडे असलेला एक पोलादी पाना आहे. त्याच्या एका तोंडाजवळ ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बीएस’ अशा खुणा ठोकलेल्या आहेत. हा पाना कोणत्या नटासाठी केलेला असावा?

सफाई आणि आकार

प्रथम पाना रॉकेलमध्ये भिजवून फडक्याने पुसावा. गंज काढण्यासाठी त्यावर कानस किंवा पॉलिशकागद चालवू नये, कारण जी अक्षरे आपल्याला वाचावयाची आहेत तीच त्यामुळे झिजून जातील.

नंतर आकार पाहावा. पान्याचे तोंड दांड्याच्या रेषेत सरळ नसून सुमारे १५ अंशांनी कललेले आढळते. यामागे हेतू आहे. षट्कोनी नटाच्या बाजू दर ६० अंशांनी येतात. तोंड सरळ असते, तर नट पुन्हा पकडण्यापूर्वी दांडा ६० अंश फिरवावा लागला असता. तोंड कललेले असल्यामुळे पाना उलटा करून धरला की ३० अंशांचा फेरा पुरतो. यावरून हा पाना षट्कोनी नटांसाठी असून अडचणीच्या जागी काम करता यावे म्हणून घडविला आहे, एवढे निश्चित होते.

आकडा आणि माप यांतील विसंगती

आता तोंडाची रुंदी स्लाइड कॅलिपरने मोजावी. ती १३.३ मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते. परंतु पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर! पान्यावर पाव इंच लिहिलेले असताना तोंड त्याच्या दुपटीहून मोठे कसे? येथे आकडा चुकला असे म्हणण्याची घाई करू नये. तो आकडा दुसऱ्याच कशाचे तरी माप असू शकेल, ही शक्यता तपासावी.

‘डब्ल्यू’ हे अक्षर जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७) या इंग्रज यंत्रज्ञाच्या नावाचे आहे. त्याच्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने आटे पाडी. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे आट्यांची एकच पद्धत मांडली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंश असून प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे असावेत हे ठरलेले होते : पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८.

या पद्धतीत पान्यावरील आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही. तो बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. कारागिराला बोल्ट ठाऊक असला की त्याचा पाना त्याच आकड्याने मिळे. पाव इंची बोल्टच्या नटाची रुंदी ०.५२५ इंच ठरली होती आणि ०.५२५ इंच म्हणजेच १३.३ मिलिमीटर. विसंगती नाहीशी झाली.

‘५/१६ बीएस’ ही खूण १९०८ सालच्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या मानकाची आहे. त्यातील ५/१६ इंची बोल्टचा नट तेवढ्याच रुंदीचा असल्याने एका तोंडावर दोन खुणा आल्या. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचविण्यासाठी व्हिटवर्थ नटांचा आकार एका पायरीने कमी करण्यात आला. म्हणून त्यानंतरच्या पाव इंची नटाला हा पाना सैल पडतो. अशा वेळी दोष पान्याचा नसतो.

असा पाना भारतात कसा ?

१८५३ साली मुंबई–ठाणे आगगाडी सुरू झाली; १८६२ साली बिहारात जमालपूरचा रेल्वे कारखाना उभा राहिला. इंजिने ब्रिटनमधून येत आणि त्यांचे आटे व पानेही त्याच पद्धतीचे असत. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने ६० अंशांच्या आट्याची वेगळी पद्धत मांडली होती. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचा समाईक आटा स्वीकारला. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत पत्करली आणि पुढे मिलिमीटरांचे पाने सर्वत्र रूढ झाले.

तथापि जुनी यंत्रे आजही कामावर आहेत. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या लेथच्या किंवा तेल-इंजिनाच्या अशा नटावर १३ मिलिमीटरचा पाना चढत नाही. १४ चा चढतो, पण सैल राहतो. जोर लावताच नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो छिन्नीने तोडावा लागतो. ज्या पान्याने तो सुरक्षित उघडला असता, तो कदाचित भंगारात गेलेला असतो.

स्वाध्याय

घरातील जुन्या पान्यांची तोंडे मोजा आणि आकड्यांशी ताडून पाहा. आकडा व रुंदी इंचांत जुळली, तर ते अमेरिकन पद्धतीचे माप होय. मिलिमीटरांत जुळली, तर दशमान पद्धतीचे. रुंदी आकड्याच्या सुमारे दुप्पट निघाली, तर व्हिटवर्थ पद्धतीचा संशय घ्या आणि पुढील कोष्टक पाहा :

१/४ : ०.५२५ इंच (१३.३ मिमी)
५/१६ : ०.६०० इंच (१५.२ मिमी)
३/८ : ०.७१० इंच (१८.० मिमी)
७/१६ : ०.८२० इंच (२०.८ मिमी)
१/२ : ०.९२० इंच (२३.४ मिमी)

शेवटी त्या मापाचा जुना बोल्ट मिळाल्यास त्याच्या एका इंचातील आटे मोजा. आकार, खूण, रुंदी आणि आटे या चौघांची साक्ष जुळली, म्हणजे हत्याराची ओळख पटली असे समजावे. मग त्याला एक चिठ्ठी बांधून त्याचे नाव व माप लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या पिढीला हाच प्रश्न पुन्हा पडणार नाही.